बाजूचा उजेड

सायकलला अंधारासाठी कुठला दिवा लावावा, या विषयावर बिरूमामा ठोंबरे अर्धा तास सहज बोलू शकत, आणि तो अर्धा तास ऐकून घ्यायची माझी तयारी कधीच नसे. मी टाइपरायटरवर बोटं आपटत राही, अधूनमधून 'हं' म्हणे, आणि तेवढ्यावर समाधान मानून ते पुढचा मुद्दा काढत. डायनामो चांगला की बॅटरी? बॅटरी घेतली तर दोन सेलची की तीन सेलची? ती हँडलवर बांधावी की खाली, पुढच्या चाकाजवळ? माझ्याकडे सायकलच नव्हती. केडगावात माझ्या खोलीपासून ऑफिस सात मिनिटांवर, त्यात दिवा कुठला आणि कशाला. पण मामांना त्याचं काही नसे. ऐकणारं माणूस समोर बसलेलं आहे आणि ते पळून जाऊ शकत नाही, एवढं त्यांना पुरे.

आमच्याकडे टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही. टॉर्च म्हणजे बॅटरी, आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण याच एका शब्दापायी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती अजून माझ्या मनातून जात नाही. मामांचे डोळे जात होते. पाच-सहा वर्षं हळूहळू जात होते. पाटावरची नोकरी टिकवायची म्हणून ते उजेड शोधत होते आणि आम्ही सगळे त्यांच्या दिव्यांच्या वेडाला हसत होतो. हसण्यात सगळ्यात पुढे मी होते.

मी मूळची शिरूरची. वडील कालव्याच्या खात्यात होते, नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मला कारकून म्हणून घेतलं. पहिलीच नेमणूक केडगावच्या शाखेत झाली. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. दोन खोल्यांचं ऑफिस, एक साहेब, एक मी आणि पाटावर फिरणारी चार-पाच माणसं. त्यांना पाटकरी म्हणतात. पाटाला पाणी सुटलं की ते पंधरा-वीस दिवस रात्रंदिवस वाहतं. कुणाच्या चारीला, म्हणजे पाटातून फुटणाऱ्या फाट्याला, किती तास पाणी द्यायचं ते ठरलेलं असतं. त्याप्रमाणे दारं उघडायची, बंद करायची, आणि अंधाराचा फायदा घेऊन कुणी पाळी नसताना दार उचललं नाही ना, ते फिरून बघायचं, हे पाटकऱ्याचं काम. फिरायचं ते पाटाच्या भरावावरून. जाताना डाव्या अंगाला पाणी, उजव्या अंगाला उतार आणि वेड्या बाभळी, मधे सायकलपुरती वाट.

बिरूमामा खुटबावचे. मी लागले तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटली असेल. उंच, हडकुळे, खाकी शर्ट आणि पांढरा पायजमा, पायजम्याच्या उजव्या पायाला सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून ट्यूबच्या रबराचा पट्टा. तो पट्टा ऑफिसात आले तरी ते काढत नसत. मला ते पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले आणि मी त्यांना मामा. बाकीचे पाटकरी आले की बाहेर झाडाखाली बसत. मामा सरळ आत येत आणि माझ्या खिडकीपाशी उभे राहत, कारण त्या खिडकीत दुपारी कडक ऊन यायचं आणि त्यांना सेल वाळत घालायचे असायचे.

सेल उन्हात ठेवले की त्यांच्यात पुन्हा थोडा जीव येतो, असा त्यांचा अनुभव होता, आणि त्यात तथ्य असावं, कारण वाळवलेल्या सेलांवर ते आणखी दोन-तीन फेऱ्या काढत. खिडकीच्या फळीवर सहा-आठ सेल ओळीनं उभे असत. कुठला किती वापरलाय ते कळावं म्हणून चंचीतल्या चुन्याचा ठिपका दिलेला. एक ठिपका म्हणजे एक रात्रपाळी झाली. तीन ठिपक्यांचा सेल सायकलीवरून उतरून घरातल्या बॅटरीत जायचा. एका ठिपक्याचा आणि दोन ठिपक्यांचा सेल एकत्र घालायला त्यांची सक्त मनाई. मी एकदा फाइल ओढताना सगळे सेल खाली पाडले आणि उचलून भराभर लावले, तर त्यांनी ते सगळे पुन्हा जोडीजोडीनं लावून घेतले.

"काय फरक पडतोय मामा?"

"पडतो की. तरण्या बैलाशेजारी म्हातारा बैल जुंपला तर तरणा बी दमतो. म्हातारा तर दमलेलाच असतोय."

डायनामोबद्दल त्यांचं मत वाईट नव्हतं, पण तो त्यांच्या कामाचा नव्हता. डांबरी रस्त्याला पळणाऱ्या माणसानं डायनामो लावावा, त्याला सेलांचा खर्च नाही. पण पाटावर सायकल हळू चालते. हळू चालली की डायनामोचा दिवा लाल पडतो, आणि दाराशी उतरलं की विझतोच. दाराची किल्ली फिरवायला दोन्ही हात लागतात आणि नेमका तेव्हाच अंधार. म्हणून हँडलला ट्यूबच्या रबरानं बांधलेली बॅटरी हवी. उतरलं की सोडवून काखेत धरता येते, दातात धरता येते. मागच्या मडगार्डला लाल काच मात्र पाहिजेच. "पुढचा उजीड आपल्यासाठी असतोय ताई. मागनं येणाऱ्याला आपण दिसलो पायजे, त्याला लाल काच." चौफुल्याला उसाच्या गाड्या संध्याकाळी रांगेनं निघत, मागे काहीच नसे. मामा एकेका गाडीला थांबवून मागच्या उसाला लाल चिंधी बांधायला लावत. गाडीवाले वैतागत, पण बांधत.

हे सगळं मी आज इतकं बैजवार सांगू शकते, म्हणजे तेव्हा मी ऐकत होते तर. ऐकत होते, फक्त माणसाकडे बघत नव्हते.

मी कामाला लागल्यावर वर्षभरातली गोष्ट. मामांचं म्हणणं पडलं की रात्रीची फेरी सरकारची, तर बॅटरीसुद्धा सरकारनं द्यावी. मला ते रास्त वाटलं. मी मोठ्या उत्साहानं मागणीपत्र टाइप केलं, 'पाटकऱ्याच्या रात्रगस्तीकरिता बॅटरी, नग एक', साहेबांची सही घेतली आणि वर पाठवलं. तीन महिने काही नाही. मग एका दुपारी ऑफिससमोर टेम्पो थांबला आणि दोन माणसांनी उचलून एक जीपगाडीची बॅटरी आणून माझ्या टेबलाशी ठेवली. भरलेली, जड, वर लाल-काळ्या खुणा. चूक माझीच होती, शिरूरचा शब्द मी सरकारी कागदावर लिहिला होता. मामांनी त्या बॅटरीला एक फेरी मारली, दोन्ही हातांनी जरा उचलून बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, "हँडलला बांधली ताई, तर ही मलाच वढत न्हील."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. ती परत घ्या म्हणून मी पुढे दीड वर्ष पत्रं लिहीत होते. तोवर ती टेबलाखाली होती आणि मी तिच्यावर पाय ठेवून बसायची. त्या दिवसापासून मामांचं नाव बॅटरीमामा पडलं. पाडलं मीच. ते सगळ्या पाटावर झालं, शेतकरीसुद्धा म्हणू लागले.

एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला ह्ये नाव सुचलं कसं?" तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. मला पाचवीपासून जाड काचांचा चष्मा. शिरूरच्या शाळेत पोरं मला बॅटरी म्हणून हाक मारायची, चष्मा असला की बॅटरी. मला त्या शब्दाचा फार राग होता, रडले होते मी त्यापायी. "म्हणून तो तुम्हाला देऊन टाकला," मी म्हटलं. मामा बराच वेळ हसत राहिले. "म्हंजी डोळं कमी आसलं की बॅटरी व्हय? मग हापिसात दोन बॅट्र्या झाल्या की." हे त्यांनी लक्षात ठेवलं असणार. मी मात्र विसरले.

त्यांच्या घराण्यात डोळ्यांचा मोठा अभिमान. वडील मेंढरं घेऊन पावसाळा संपला की खाली निघायचे, आठ महिने उघड्यावर. "आमच्या आबाला अवसंच्या रातीला काळं मेंढरू दिसायचं," मामा सांगत. "नुसतं दिसायचं न्हाई, कुठलं हाय ते वळखायचा. आमच्यात कुणी दिवा घेऊन चाललं तर त्येला हसायचे." मग स्वतःच्या बॅटरीकडे बघून म्हणत, "ह्या उजडाच्या सवयीनं माझं डोळं आळशी झालं." ही त्यांची पक्की समजूत होती. डोळे आळशी झालेत, म्हणजे दोष सवयीचा आहे, आणि चांगला दिवा मिळाला की निभावून जाईल. मेंढपाळाच्या पोराला अंधारात दिसत नाही, हे ते स्वतःशीसुद्धा बोलले नसतील.

कामात ते कसे होते, तर एक प्रसंग सांगते. तो मला मामांनी सांगितला नाही. ज्यांच्याबाबत घडला ते आप्पा स्वतः तणतणत ऑफिसात आले होते, म्हणून कळला. आप्पा मोठे बागायतदार, गावात वजन असलेले. दिवस मावळताना त्यांच्या माणसानं पाळी नसताना दार चार बोटं उचललं होतं. मामा तिथवर आले, बॅटरी विझवली आणि नुसते उभे राहून ऐकलं. पाण्याचा आवाज बदललेला होता. त्यांनी दार पाडलं आणि त्याच दारावर पाय सोडून बसले. आप्पा आले.

"बिरू, ह्यात तुझं काय जातंय?"

"माझं काय जायचंय आप्पा. टेलच्याचं जातंय."

टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. तिथल्या लोकांची पाळी येईस्तोवर पाटाचं पाणी आटतं. वरच्यांनी चोरून घेतलं तर त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. मामा दारावर बसून राहिले, आप्पा उभे राहून कंटाळले आणि निघून गेले. साहेबांसमोर आप्पांनी बरीच आदळआपट केली, आणि साहेबांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. त्यानंतर मामांच्या हद्दीत कुणी दाराला हात लावत नसे.

असा माणूस. आणि दोन-तीन वर्षांतच ते वेगळंच बोलायला लागले. आधी त्यांना लांब जाणारा उजेड हवा असे. आता एकच धोशा, उजेड पसरट पाहिजे. "म्होरचं दिसतंय ताई. लांबचं बी दिसतंय. बाजूचं दिसंना. बॅटरीचा उजीड बाजूला पसरतच न्हाई बगा." त्यांनी बॅटरीची काच काढून बघितली. आतल्या चकाकत्या वाटीऐवजी तुपाच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवला. बल्ब बदलले. शेवटी दोन बॅटऱ्या आणल्या आणि हँडलच्या दोन टोकांना, एक डावीकडे तोंड करून, एक उजवीकडे, बैलाच्या शिंगांसारख्या बांधल्या. ती सायकल ऑफिससमोर उभी राहिली तेव्हा आम्ही सगळे बाहेर येऊन बघत होतो.

"मामा, आता नुसती शिट्टी लावा," मी म्हटलं, "आणि केडगाव स्टेशनात जाऊन उभे राहा. माणसं तिकीट काढून बसतील."

सगळे हसले. मामाही हसले, पण सगळ्यांच्या मागून. ते मला दिसलं होतं. मला वाटलं, म्हातारा रुसला.

आणखी एक होतं. मी चहा त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला की तो सांडायचा. हात फिरला की कप आडवा. एकदा साहेबांच्या सहीला जायच्या कागदांवर पडला आणि मी त्यांना सगळ्यांदेखत बोलले, "मामा, लक्ष असतं कुठं तुमचं?" त्यांनी डोक्याची टोपी काढली आणि टोपीनं कागद टिपायला लागले. मी टोपी हातातून ओढून घेतली आणि फडकं दिलं. त्यानंतर ते माझ्याकडे चहाला 'नको' म्हणायला लागले. मला वाटलं, बरंच झालं.

मी चष्मा लावणारी बाई. डोळ्यांच्या डॉक्टरकडे वर्षाला एकदा जाणारी. समोर एक माणूस सांगतोय की बाजूचं दिसत नाही, आणि मी त्याला शिरूरच्या बाजारात कुठल्या कंपनीची बॅटरी मिळते ते सांगतेय. मला याची लाज वाटते. तेव्हा वाटली असती तर उपयोग होता.

मग टेलच्या लोकांचा अर्ज आला. अकरा सह्या आणि चार अंगठे. दोन पाळ्या झाल्या, आमच्यापर्यंत पाणी आलेलं नाही, वरची दारं अंधारात उघडी असतात, पाटकरी शेजारून सायकलीवर निघून जातो आणि बघत नाही, सबब त्याचं वरच्या लोकांशी साटंलोटं असावं. ज्यांच्यासाठी मामा दारावर बसून राहिले होते त्याच माणसांचा अर्ज. साहेबांना विश्वास बसला नाही, पण अर्ज आला म्हणजे कागद निघाला पाहिजे. 'रात्रगस्तीत हयगय केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये,' हा मेमो मीच टाइप केला. एकही चूक न होता, एका दमात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. साहेब जेवायला गेले होते, ऑफिसात मी एकटीच. मी कागद पुढे केला, त्यांनी पोच म्हणून सही केली. सही करताना ते कागदावर इतके वाकले होते की टोपीचं टोक टेबलाला लागलं. मी महिनाअखेरचा तक्ता टाइप करत बसले होते, सगळा आकड्यांचा. ते उभेच राहिले. मी म्हटलं, "बसा की मामा." ते बसले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "आता बॅटरीचं काय खरं न्हाई."

"हं."

"सेल बदलून बी उपेग न्हाई. वाळवून बी न्हाई. बाजूचं तर पार गेलंय. आतलाच बिगाड हाय."

"मग टाकून द्या ना ती," मी तक्त्यावरून नजर न काढता म्हटलं. "जुनी झालीय. नवी घ्या."

"व्हय," म्हणाले. "नवी मिळाली आसती तर काय पायजे हुतं."

आणि गेले. मी मान वर केली नाही. केली असती तर हे बोलताना त्यांचा हात कुठं होता, ते कशाकडे बोट दाखवत होते, की काहीच दाखवत नव्हते, हे मला दिसलं असतं. बॅटरी तर त्या दिवशी त्यांनी सोबत आणलीच नव्हती. खिडकीत एकही सेल नव्हता. हे माझ्या लक्षात आलं ते पंधरा दिवसांनी.

त्या आठवड्यात मी शिरूरला आईकडे गेले, तेव्हा बाजारात जाऊन मामांसाठी नवी बॅटरी घेतली. दुकानदाराला तीनतीनदा सांगितलं, उजेड पसरट हवा, बाजूचं दिसलं पाहिजे. त्यानं दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन चार-पाच पेटवून दाखवल्या. मोठ्या तोंडाची एक होती, तिनं सगळी भिंत उजळली. सोबत सहा सेल घेतले, सगळे कोरे. सोमवारी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, बटण मागेपुढे केलं, तोंडाजवळ धरून बल्ब बघितला.

"लई झ्याक हाय ताई," म्हणाले. "लई लांबनं आणलीसा."

माझा मला इतका अभिमान वाटला की मी तो प्रसंग दोघाचौघांना सांगितला. मेमोसुद्धा आता मिटेल, मी साहेबांना म्हटलं, बॅटरीच खराब होती, दारं दिसणार कशी.

त्यानंतर आठ दिवसांनी, दिवस मावळून घटकाभर झाला असेल, मामा सायकलीवरून पाटात पडले. भरावाची वाट चारीच्या तोंडाशी उजवीकडे वळते, ते सरळच गेले. सायकल काठावरच्या दगडाला अडकली, ते पाण्यात. जवळच्या वस्तीवरच्या लोकांनी आवाज ऐकून त्यांना बाहेर काढलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, पोटात बरंच पाणी गेलं होतं. काठावर आडव्या पडलेल्या सायकलीवरची बॅटरी तशीच चालू होती आणि वळणाची सगळी वाट तिच्या उजेडात लख्ख दिसत होती, असं काढणाऱ्यांनी सांगितलं. त्यावरून गावात बोलणं सुरू झालं की घेतलेली असणार. मामा आयुष्यात प्यायलेले नव्हते.

मी दवाखान्यात गेले तेव्हा मामांना झोप लागली होती. हौसामामी, त्यांची बायको, बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनंच सगळं सांगितलं. खांदा बघणाऱ्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. "त्येंनी डाव्या डोळ्यात बॅटरी मारली. आन् ह्यांनी इचारलं, लावली का? मी तिथंच हुते ताई. म्या तोंडाला पदर लावला." डावा पार गेला होता. उजव्यात नळीतून बघावं एवढं समोरचं उरलं होतं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं बघणं कमी होत जातं आणि माणसाला वाटतं की उजेडच कमी आहे. गेलेलं परत येत नाही. चार वर्षांपूर्वी आले असते तर औषधाच्या थेंबांवर आहे ते टिकलं असतं, डॉक्टर म्हणाले होते.

"कुणाला सांगितलंच न्हाई ह्यांनी," मामी म्हणाली. "मला न्हाई, पोरीला न्हाई. एका माणसाला तरी सांगायचं."

तेव्हा मला ती दुपार आठवली. बॅटरीचं काय खरं न्हाई. आतलाच बिगाड हाय. मी त्या बाकावर बसून राहिले आणि मामीला काही म्हणजे काही सांगितलं नाही. सांगितलं होतं मामी, मला सांगितलं होतं, आणि मी सेल आणून दिले, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मामा जागे व्हायच्या आत मी उठून आले.

पुढचं सगळं कागदावर झालं. कागद मीच केले. मेमो रद्द झाला. वैद्यकीय कारणावरून मामा निवृत्त झाले. वर्षभरात माझी शिरूरला बदली झाली आणि मी सुटल्यासारखी गेले. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला एसटी होत्या, दिवसाला चार-पाच तरी. मी सहा वर्षं त्यातल्या एकीतही बसले नाही. बसायला कुणी अडवलं नव्हतं.

शेवटी केडगावच्या साहेबांच्या निरोपसमारंभाला गेले आणि तिथून, आता आलेच आहे तर म्हणून, खुटबावला. दुपारचे चार वाजले असतील. मामा घरासमोरच्या ओट्यावर बसून काथ्याची दोरी वळत होते. हात सरावानं चालत होता. उजवा डोळाही एव्हाना गेला होता, मामीनं मला दारातच हळू आवाजात सांगितलं. मी बोलले आणि त्यांनी लगेच ओळखलं. शिरूरची विचारपूस केली, आईची केली. खात्यात आता कोण आहे, पाटाला पाणी किती दिवस असतं, टेलला पोचतं का, हे विचारलं. मी मनाशी जुळवत आणलेलं सगळं विसरले आणि एकदम बोलून टाकलं.

"मामा, तुम्ही त्या दिवशी डोळ्यांचं सांगत होता. मला कळलं नाही."

दोरी थांबली नाही. "कवाचं काढून बसलाय ताई."

"मला कळायला पाहिजे होतं. मी तरी तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तुम्हाला."

"न्हेलं आसतं की. आन् सायबाला बी सांगितलं आसतं. चांगल्यासाठीच सांगितलं आसतं तुम्ही. मग सायबानं मला पाटावरनं काढून हापिसात बशिवला आसता, घंटी वाजली की उठायला. मला त्ये नको हुतं."

"मग मला कशाला सांगितलंत?"

मामांनी दोरीचा पीळ पायाच्या अंगठ्यात धरला. म्हणाले, "कुणाला तरी एकदा सांगावं वाटलं हुतं. हौसाला सांगितलं तर ती रडली आसती. तुम्ही टायपिंग करत हुता. तुम्हाला कळायचं न्हाई ह्ये ठावं हुतं मला. म्हणूनच तर सांगितलं."

हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं होतं, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. खोटं असेल तर त्यांनी मला माफ केलं. खरं असेल तर आठ-नऊ वर्षं माझ्या समोर उभं राहून त्यांनी माझ्याबद्दल जे ओळखलं ते असं होतं. मी रडले. त्यांना आवाज गेला असणार, पण ते दोरीकडे मान घालून बसले आणि मामीला म्हणाले, चहा टाक.

निघताना ते भिंतीला हात लावत अंगणाच्या कडेपर्यंत आले. तिथून दोन वाटा फुटतात. मोठी गाडीवाट गावातून जाते, दुसरी उसाच्या कडेनं सरळ एसटीच्या थांब्यावर निघते. मामीनं मला उसाकडची जवळची वाट दाखवली आणि ती भांडी आवरायला आत वळली. मी पन्नास-साठ पावलं गेले असेन आणि मागे बघितलं. मामा गाडीवाटेकडे तोंड करून उभे होते. रिकाम्या वाटेकडे बघत हसत होते आणि डोक्याच्या वर नेऊन हात हलवत होते, लांब जाणाऱ्या माणसाला दिसावा असा.

मीही इकडून हात हलवला, चांगला जोरजोरानं हलवला. हाक मारायला पाहिजे होती, हे मला एसटीत बसल्यावर सुचलं.